बँक सोडण्याआधी

पुणे, १४ जून

प्रिय मेघा,

"बँक सोडून तुमच्या या हवामान बदलाच्या कामात येऊ का? एका कंपनीचा निधी सांभाळायचाय," असं तू विचारलंस, तेव्हा माझ्या तोंडून चटकन हो निघालं नाही. तुला वाईट वाटलं असेल. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

पैसे वाटायच्या खुर्चीत मी नवी होते, तेव्हा दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावाला पाणलोटासाठी, म्हणजे पावसाचं पाणी अडवून मुरवायला, निधी दिला. काम चोख झालं. माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खोदलेले, खाली मातीचे नालाबांध, ओढ्यावर गॅबियन, म्हणजे जाळीत दगड भरून केलेला बांध. विहिरींना पाणी चढलं, अहवालाचं कौतुक झालं. दोन वर्षांनी गेले, तर ऐपतदारांनी बोअर मारून डाळिंबं लावली होती. आणि ज्या भूमिहीन बायांनी चर खोदले, त्या टँकरच्या रांगेत उभ्या. एकीनं मला ओळखलं. म्हणाली, "ताई, पाणी आलं म्हणता, ते कुणाच्या शिवारात?" मेघा, त्या रात्री मला झोप लागली नाही. पाणी अडवायला मी पैसे दिले होते. ते वाटायचं कसं, हे मी गावाला विचारलंच नव्हतं.

मग मी विलासराव साळुंखे यांचं काम मुळापासून समजून घेतलं. पुण्याचा हा कारखानदार १९७२ च्या दुष्काळात पुरंदरची होरपळ बघून हलला आणि नायगावात देवस्थानची माळरान जमीन घेऊन पाणी अडवायला लागला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम बघ. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणशी मिळणार: डोईमागे अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. खर्चातला पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी घालायचा. पुढे हिवरे बाजार गावानंही शेतीसाठी बोअर बंद केले, आणि पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. ताळेबंद तर तुझ्या रोजच्या कामातला!

आता तुझ्या निधीचं. कायद्यानं २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजाच्या कामावर खर्चावे लागतात, आणि चालू प्रकल्पाला पहिलं वर्ष सोडून तीनच वर्षं मिळतात. बंधारा एका उन्हाळ्यात होतो गं. पण बोअर मारू नका हे भावकीला पटायला ग्रामसभेमागून ग्रामसभा जातात, आणि त्या बसलेल्या माणसांचा फोटो कुणालाच नको असतो.

म्हणून हो म्हणण्याआधी तुझ्या साहेबांना दोन गोष्टी विचार. पहिल्या वर्षी बांधकाम न करता नुसत्या बैठकांना आणि विहिरी मोजणाऱ्या गावातल्या पोरांच्या मानधनाला पैसे देतील का? आणि काम संपल्यावर दोन वर्षांनी तुला परत गावात पाठवतील का? हो म्हणाले तर ये, मला फार हवी आहेस तू. आकड्यांना घाबरत नाही आणि माणसाशी खोटं बोलत नाही, अशी माणसं आमच्यात कमी आहेत.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सासवडला ये. तिथून नायगावला जाऊ. भाकरी मी आणते.

तुझीच,
सुनंदा