जुने ऑइल सील शेतकऱ्याच्या हातात द्या

संपादक महोदय,

कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान आणि त्यासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचे अर्ज यांच्या बातम्या आपल्या दैनिकात वेळोवेळी येतात आणि त्यांचा आम्हा शेतकऱ्यांना उपयोगही होतो. मात्र त्या अनुदानावर घेतलेला छोटा ट्रॅक्टर चार-पाच हंगामांनंतर ज्या किरकोळ वाटणाऱ्या बिघाडापायी ऐन फवारणीत उभा राहतो, त्याविषयी फारसे कोठे वाचायला मिळत नाही. अशाच एका बिघाडाविषयी, म्हणजे ॲक्सलच्या ऑइल सीलच्या (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवून धरणाऱ्या रबरी कडेच्या कड्याच्या) गळतीविषयी, हे पत्र लिहीत आहे.

माझी द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. नऊ फुटी ओळींत चालणारा, चारही चाकांना ताकद असलेला २४ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर माझ्याकडे सहा वर्षांपासून असून त्याच्या पुढच्या डाव्या चाकाचे सील दोन वर्षांत तीनदा बदलावे लागले. पहिल्यांदा ते एका वर्कशॉपमध्ये बदलले. बिलावर ‘सील बदलले, ऑइल टाकले’ एवढेच लिहिलेले होते आणि अडीच महिन्यांत रिमच्या आतल्या बाजूला पुन्हा काळा, धूळ चिकटलेला ओघळ दिसू लागला. दुसऱ्यांदा गावातल्या मिस्त्रीने बांधावरच चाक उतरवून नवे सील हातोडीने ठोकून बसवले, ते जेमतेम महिनाभर टिकले. दोन्ही वेळा मला राग आला तो नव्या सीलचा. माल हल्ली हलका येतो, असे मी चार लोकांत बोलूनही दाखवले आणि चौघांनीही माना डोलावल्या.

तिसऱ्यांदा माझा पुतण्या सुटीवर घरी आला होता. तो सातपूरच्या एका कारखान्यात देखभालीचे काम करतो. मी नवे सील आणायला निघालो तेव्हा तो म्हणाला, “काका, आधी जुनं काढू, ते का गेलं ते त्यालाच विचारू, आणि मग दुकानात जाऊ.” त्या दुपारी जे पाहिले, ते पाहूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

निघालेले सील नीट पाहिले तर बिघाडाचे कारण बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच सापडते. आतली रबरी कडा, जिला मिस्त्री लिप म्हणतात, कडक होऊन तडकली असेल तर उष्णता वाढलेली असते किंवा सील फार जुने झालेले असते. कडेला एकाच ठिकाणी चीर असेल तर बसवताना शाफ्टच्या दातऱ्यांनी ती कापलेली असते. बाहेरचे पत्र्याचे कडे एका बाजूने चेपले असेल तर सील तिरपे ठोकले गेले असे समजावे. कडा एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी झिजली असेल तर बेअरिंगमध्ये खेळ आहे का, हे आधी तपासावे, कारण शाफ्ट हलत असेल तर कितीही भारी सील तेल धरून ठेवू शकत नाही. आमच्या सीलचे कडे एका बाजूने चेपलेले होते, ही मिस्त्रीच्या हातोडीची खूण. पण खरी कारणे त्याच्याही आधीची होती.

ॲक्सलच्या हाऊसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, वरच्या बाजूला करंगळीएवढा ब्रीदर असतो. फवारणीचा ब्लोअर घेऊन ट्रॅक्टर तासन्‌तास चालला की आतले तेल तापते, हवा फुगते आणि ती या ब्रीदरमधून बाहेर पडते. आमचा ब्रीदर फवारणीच्या बोर्डो मिश्रणाच्या निळसर थराने आणि मातीने इतका लिंपला गेला होता की तारेने टोचल्याशिवाय त्याला तोंड आहे हेच कळत नव्हते. हवेला वाट न मिळाल्याने दाब वाढत गेला आणि तेलाने सर्वांत कच्ची जागा, म्हणजे सीलची कडा, शोधली. दुसरे कारण चाक काढल्यावर दिसले. वेलीच्या बांधणीतली सुतळी आणि पक्ष्यांच्या जाळीचा नायलॉनचा धागा शाफ्टला गुंडाळून, आवळत आवळत थेट सीलच्या बाहेरच्या कडेखाली शिरला होता. ब्लेडने कापून काढला तेव्हा मुठीत मावेल एवढा गोळा निघाला. तिसरे कारण म्हणजे कडा जेथे फिरते तेथे शाफ्टवर पडलेली खाच. डोळ्यांना ती नुसती चकाकणारी रेघ दिसत होती, पण नख फिरवले की अडकत होते. या तिन्ही गोष्टी तशाच ठेवून पहिली दोन सीले बसवली गेली होती.

सीलवर ४०×६२×१० अशा स्वरूपाचे तीन आकडे असतात. पहिला शाफ्टचा व्यास, दुसरा सील ज्या खोबणीत बसते तिचा व्यास आणि तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. जुने सील सोबत नेले आणि हे आकडे जुळवले तर ‘याच मॉडेलला हेच बसते’ या दुकानातल्या वाक्यावर विसंबून राहावे लागत नाही. शाफ्टच्या खाचेवर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टीलची स्लीव्ह चढवता येते आणि मूळ मापाचेच सील तिच्यावर चालते. ती न मिळाल्यास आणि खोबणीत जागा असल्यास सील एक-दीड मिलिमीटर अलीकडे बसवून कडेला कोऱ्या जागेवर फिरू देता येते. आम्ही दुसरा मार्ग धरला. शाफ्टच्या दातऱ्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, सीलची तेल अडवणारी आतली आणि धूळ अडवणारी बाहेरची अशा दोन्ही कडांच्या मध्ये ग्रीस भरले, स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवली आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या पाइपाच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखे दाबत ते आत नेले. झाकणाची ओ-रिंगही नवी घातली, कारण ती जुनीच ठेवली तर तेल तेथून पाझरते आणि आळ सीलवर येतो.

हे काम घरी करू इच्छिणाऱ्यांना एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर उचलला तर तो एका अंगाला कलंडू शकतो. ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्यात, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि वजन भक्कम स्टँडवर घ्यावे.

आमच्या ॲक्सलमधून निघालेले तेल मॅन्युअलमधील मापापेक्षा सव्वा लिटर कमी भरले. आणखी एखादा महिना ट्रॅक्टर तसाच चालवला असता तर गिअर कोरडे पडून खर्च काही शेकड्यांवरून कित्येक हजारांवर गेला असता. तेल दुधासारखे पांढरट निघाले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे; फवारणीनंतर ट्रॅक्टर धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट सीलवर मारण्याची आपल्याकडची सवय त्याला बऱ्याच अंशी कारणीभूत आहे, आणि ती मलाही होती. मागच्या ॲक्सलचे सील गळत असेल आणि ब्रेक कोरड्या प्रकारचे असतील तर तेल लायनिंगवर उतरते, एका चाकाचा ब्रेक लागतो आणि दुसऱ्याचा घसरतो. पेठच्या बाजूच्या उतारांवर भरलेला ब्लोअर घेऊन जाणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

वर्कशॉपचालकांना माझी विनंती एवढीच आहे की, बदललेले जुने सील शेतकऱ्याला परत द्यावे आणि ब्रीदर साफ केला का, बेअरिंगचा खेळ पाहिला का, शाफ्टवर खाच आहे का, या तीन गोष्टी बिलावर हाताने का होईना लिहाव्यात. त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र नाशिकमध्येच आहे; त्यांनी सप्टेंबरमध्ये, म्हणजे फळांसाठी करायच्या गोडी छाटणीच्या आधी, गावोगावच्या मिस्त्रींसाठी एक दिवसाचे प्रात्यक्षिक घेतले तर त्याचा मोठा उपयोग होईल. छाटणीनंतर पावसाळी हवा पडली की डावणी या बुरशीजन्य रोगासाठी रोज किंवा दिवसाआड फवारावे लागते आणि त्या दिवसांत सील बदलायला ट्रॅक्टर एक दिवस उभा करणेही परवडत नाही. काढलेले जुने तेल बांधावर किंवा नाल्यात ओतले जाते, त्याचाही त्या प्रात्यक्षिकात विचार व्हावा. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत संकलकाकडे पोचवायचे असले तरी त्यासाठी गावात काही सोय नाही, निदान आमच्या गावात तरी नाही.

डावे चाक या हंगामात कोरडे आहे. उजव्या चाकाच्या आतली धूळ मात्र गेल्या आठवड्यापासून ओलसर दिसते. हाऊसिंग आणि ब्रीदर दोन्ही बाजूंना एकच असल्याने त्या सीलनेही तोच दाब सोसलेला असणार. येत्या रविवारी ते उतरवणार आहोत.

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार
तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक