दुधी काच

अंबाजोगाई,
१४ मे

प्रिय सुध्या,

काच जमली. चौथी. आधीच्या तीन खिडकीत मांडून ठेवल्यात. आलास की दाखवतो, कुठं काय चुकलं ते त्यांच्यावरच दिसतं.

आपल्या जुन्या कॅमकॉर्डरवर दोन सीझन लग्नं काढली, आठवतं? नवरी स्पष्ट, तिच्यामागची पंगत स्पष्ट, पाण्याचा टँकरसुद्धा स्पष्ट. सेन्सरच नखाएवढा, मागचं पुसट होणार कसं! म्हणून पुढं स्टिल कॅमेऱ्याची लेन्स लावायची, तिचं ३६ बाय २४ मिलिमीटरचं चित्र दुधी काचेवर पाडायचं आणि मध्ये क्लोज-अप लेन्स ठेवून कॅमकॉर्डरनं ते टिपायचं. जुन्या स्टुडिओत काळ्या फडक्याखाली डोकं घालून फोटोग्राफर उलटं चित्र बघायचा ना, तीच ही काच.

खिडकीची दुधी काच चालत नाही. दाणा मोठा, चेहऱ्यावर वाळू उडवल्यासारखी दिसते. फोटोफ्रेमवाल्याकडून २ मिलिमीटरची साधी काच कापून आणली आणि गॅरेजमधल्या व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टनं घासली. लवकर दुधी झाली, पण वाळू तशीच. मग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची ५ मायक्रॉनची पांढरी पावडर मागवली. खाली जाड काच, तिच्यावर चिमूटभर पावडर, थोडं पाणी, वर आपली काच, आणि इंग्रजी आठचा आकडा काढत फिरवत राहायचं. दाबायचं नाही. मधून मधून काच थोडी वळवून धरायची, नाहीतर एकच बाजू जास्त घासते. सगळं ओलंच ठेवायचं, कोरडी धूळ छातीत जाते.

दुसरी काच निम्म्यावर आली होती. आई सोप्यात जात्यावर तूर भरडत होती. तिथूनच ओरडली, "खडा आलाय बघ त्यात, थांब." मी ऐकलं नाही, आणखी दोन फेरे मारले. धुऊन उजेडात धरली तर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओरखडा! बोअरच्या पाण्यातला रेतीचा एक कण. तिचा अर्धा जन्म जात्यापाशी गेलाय, आवाज बदललेला तिला कळणारच. तेव्हापासून मी जारचंच पाणी घेतो आणि कान देऊन घासतो. सुरुवातीला खरखर येते, पावडर चिरडत गेली की आवाज मऊ होतो. मऊ झाला की पुसायचं, नवी चिमूट घ्यायची.

तिसरी मी घाईनं मध्येच सोडली. दिसायला दुधी, पण आरपार दिसत होतं. चित्राच्या मधोमध उजेडाचा गोळा आणि कडा अंधाऱ्या. तासन् तास घासणं टळत नाही, सुध्या.

चौथी चांगली निघाली, तरी गच्चीवरून योगेश्वरीच्या देवळाचं शिखर काही केल्या स्पष्ट होईना. दोन दिवस डोकं खाल्लं. निकॉनच्या माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, चित्र ४६.५ मिलिमीटरवर पडतं. ते माप मी काचेच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंत धरलं होतं आणि घासलेली बाजू ठेवली होती कॅमकॉर्डरकडं. म्हणजे पडदाच मागं सरकला. काच उलटी केली, घासलेली बाजू लेन्सकडं, आणि शिखरावरचा कळस लख्ख दिसला. मी गच्चीवर एकटाच ओरडलो.

मग आईला काढलं. स्क्रीनवर उलटी दिसते, ते कॉम्प्युटरवर सरळ करता येतं. खुंट्यावरचा हात, बोटांवर डाळीचा पिवळा भुगा, आणि मागचा अख्खा सोपा विरघळलेला. आपल्या घराचं असं चित्र मी कधी पाहिलं नव्हतं.

अडचण उजेडाची आहे. काच बराच उजेड खाते, आणि माझ्या झूम लेन्सचं छिद्र ३.५ च्या पुढं उघडत नाही; आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. छिद्र ५.६ च्या पलीकडं बारीक केलं की दाणाही दिसायला लागतो. तुझी ५० एमएमची १.८ वाली पेटीत पडून आहे ना? ती घेऊन मृगाच्या आत ये. दोन पोती तूर राहिलीय, आई रोज थोडी भरडते. मी तिला सावकाश कर म्हणालोय.

तुझाच,
बाळ्या