रायवळ आंबा विकला नाही

गुहागर,
फाल्गुन वद्य पंचमी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, आगरातला रायवळ आंबा विकून टाका, शाकारणीचे पैसे सुटतील. लाकूडवाला येऊन गेला. 22,000 बोलला. बाबांनी बुंध्याला दोरी लावून मापही दिलं होतं. मीच नको म्हटलं. का, ते फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहिते.

त्याच्या दुबेळक्यात ढोली आहे ना, पोपटांची पिल्लं बघायला तू चढायचास ती? तिथे शिमग्याआधी ककणेराची जोडी आली. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात. मादी आत शिरली आणि विष्ठा नि फळांचा गर थापून तिने आतूनच तोंड लिंपून घेतलं. चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी ठेवली. आत बसून ती उडायची पिसंही झाडते. म्हणजे आता तिचं नि पिल्लांचं सगळं पोट त्या एका नरावर.

गोठा झाडून झाला की मी न्हाणीच्या कट्ट्यावर बसते. आधी पंखांचा आवाज येतो, भाता ओढल्यासारखा. मग तो खोडाला बिलगतो, मान झटकतो आणि घशातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणतो. फटीत देतो. पुन्हा झटका, पुन्हा उंबर. काल मोजली, एका खेपेला 19. खाली बियांचा सडा पडलाय, त्यात काजऱ्याच्या चपट्या बियाही आहेत.

बाळा, या पक्ष्याला सुतारासारखं खोड कोरता येत नाही. आयती ढोली लागते, आणि ती जुन्या झाडालाच असते. कलमांना कुठली ढोली? खालच्या वाडीतले रायवळ गेल्या चार वर्षांत सगळे तुटले. ती बाई आत कोंडलेली असताना झाडावर करवत चालवायची, हे माझ्याच्याने होणार नाही. पुढच्या वर्षीही ती याच ढोलीत येईल, तेव्हा पुढच्या वर्षीचंही नाव काढू नकोस.

सगळ्याच जनावरांची मला माया आहे असं नाही. वानरांनी फणसाची एक कुयरी ठेवली नाही. आणि एक लपवलं होतं तुझ्यापासून. मोत्याला मार्गशीर्षात बिबट्याने खळ्यातून नेलं. गडग्यापाशी पट्टा तेवढा मिळाला, तो मी ठेवलाय. आता दिवेलागणीआधीच कोंबड्या झाकते, आणि बाबा बॅटरीशिवाय पडवी उतरत नाहीत.

कौलं यंदा माजघरावरचीच बदलू. पडवी अजून एक पाऊस काढेल.

मे महिन्यात येशील तेव्हा पिल्लं बाहेर पडायच्या बेतात असतील. पहाटेच्या गाडीने आलास तर मागच्या पाणंदीने येऊ नकोस, नर बुजतो. आणि बाबांच्या बॅटरीचे सेल आण, चार.

तुझी आई