बापाकडून आलेलं जनुक जागं करायचंय: अँजेलमन पालक गटाचं आवाहन

रात्री अडीचला बाथरूममधून पाण्याचा आवाज येतो. जाऊन बघावं तर सात वर्षांची पोरगी नळाच्या धारेखाली तळहात धरून खदखदून हसत असते. झोप नाही की बोलणं नाही, पाणी मात्र जीव की प्राण. पाहुण्यांना ते हसणं गोड वाटतं. आमचं लक्ष तिच्या नजरेवर असतं, कारण हसता हसता नजर थिजली की फिट आलीच म्हणून समजा.

आमच्या गटातल्या प्रत्येक घरात असं एक मूल आहे. आजार अँजेलमन सिंड्रोम. साधारण पंधरा हजारांत एका मुलाला होतो. हॅरी अँजेलमन या बालरोगतज्ज्ञांनी १९६५ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला, आणि १९९७ मध्ये त्यामागचं यूबीई३ए हे जनुक सापडलं.

या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. मेंदूच्या पेशींत मात्र काम करते ती आईचीच; बापाची प्रत धडधाकट असूनही गप्प केलेली असते. आमच्या मुलांत आईची प्रत गळालेली किंवा बिघडलेली आहे. म्हणजे बदली खेळाडू मैदानाबाहेर बसून आहे, त्याला कुणी आत घेत नाही, एवढाच काय तो प्रश्न. (आमच्यातल्या बाबालोकांना हे ऐकून फार बरं वाटतं.)

ही प्रत गप्प ठेवणारा एक आरएनए, म्हणजे पेशीत डीएनएवरून बनणारा रेणू, असतो. त्याला अडवणारे छोटे रेणू वापरून उंदरांत बापाची प्रत जागी करता आली, ते संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. आता तसंच औषध पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचून मुलांवर चाचण्या सुरू आहेत. यात धोका नाही असं आम्ही म्हणणार नाही. अशा एका चाचणीत जास्त डोसनंतर मुलांच्या पायांतली ताकद गेली आणि २०२० मध्ये ती थांबवावी लागली. मुलं सावरली, आणि डोस कमी करून काम पुन्हा सुरू झालं.

मग आमचे पैसे कशाला हवेत? औषध बनवायला नाही, ती आपली कुवत नव्हे. चाचणी घेणाऱ्यांना आधी हे माहीत असावं लागतं की औषध न घेता हे मूल दोन वर्षांत कुठवर जातं. ठरलेल्या वेळी केलेला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख), झोपेच्या नोंदी, चालण्याचे व्हिडिओ, खात्रीचा जनुकीय रिपोर्ट हे सगळं हाताशी नसेल, तर औषधाने फरक पडला की मूल आपसूक शिकलं हे कोण सांगणार? आमच्या घरांत या नोंदी वहीच्या मागच्या पानांवर आहेत. त्या एका ठिकाणी, एकाच पद्धतीने आणायच्या, ज्यांच्या तपासण्या अडल्यात त्या करून घ्यायच्या आणि हे काम बघायला एक प्रशिक्षित माणूस नेमायचा. देणगी यासाठीच. पावती लगेच मिळेल आणि वर्षाचा हिशोब सभेत सगळ्यांसमोर मांडला जाईल.

पैसे देणं जमत नसेल तर वेळ द्या. पालकांसाठीच्या प्रश्नावल्या सोप्या मराठीत आणायच्या आहेत. 'मूल किती शब्द बोलतं?' या रकान्यात आम्ही वर्षानुवर्षं शून्य लिहितोय. ते दार दाखवून, हात ओढून, डोळ्यांनी किती बोलतं, हे विचारायला त्या कागदावर जागाच नाही.

एक विनंती डॉक्टरांना आणि इतर पालकांनाही. फाइलवर सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम लिहिलंय, पण मूल उगाच हसतं, झोपत नाही, हात वर धरून डुलत चालतं, फिट येतात, असं असेल तर मिथायलेशन टेस्टबद्दल, म्हणजे जनुकांवरच्या आईबापाच्या खुणा तपासणाऱ्या चाचणीबद्दल, विचारा. ती नॉर्मल आली तरी संशय सोडू नका. काही मुलांत बिघाड खुद्द यूबीई३एमध्ये असतो, तो या टेस्टमध्ये दिसत नाही. त्यासाठी जनुकाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचन, करावं लागतं. खर्चापायी तपासणी राहिली असेल तर आधी आम्हाला सांगा.