मुखपृष्ठावर कोण, आणि का

पुणे,
रविवार

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतचे मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले फोटोही मिळाले. फोटो फार छान आलेत. त्यातला एक मी लगेच कामाला लावलाय, त्याबद्दल पुढे लिहितो. आपल्या शास्त्रीय संगीताच्या नव्या त्रैमासिकाच्या मांडणीसाठी मी इंग्रजी संगीत-मासिकांचे जुने अंक का चाळत बसलोय, असं तू विचारलंयस. आपलं संगीत वेगळं, वाचक वेगळा, मग त्यांच्या रॉकवाल्या अंकांचं आपल्याला काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे. फोनवर दोन वाक्यांत त्याचं उत्तर झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मला दिसलं ते असं: त्या मासिकांत जे ठरीव वाटतं, ते बहुतेक कुठल्या तरी गरजेपोटी आलेलं आहे. ती गरज आपलीही असेल तर ती रीत बिनदिक्कत उचलावी. गरज नसेल तर ती कितीही देखणी दिसो, सोडून द्यावी. अंकाचं प्रत्येक पान मी सध्या याच नजरेनं तपासतोय.

मुखपृष्ठापासून सुरू करू. ब्रिटनमधल्या दुकानांच्या मांडणीत मासिकं एकावर एक सरकवून लावलेली असतात. गिऱ्हाइकाला पुष्कळदा प्रत्येक अंकाची फक्त डावीकडची पट्टी दिसते. ‘क्यू’ या मासिकाचा लाल चौकोन आणि त्यातलं पांढरं अक्षर वरच्या डाव्या कोपऱ्यात बसलं, ते म्हणूनच इतकं कामी आलं. १९८६ मध्ये मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ यांनी हे मासिक काढलं आणि २०२० मध्ये ते बंद झालं, पण तो चौकोन अजून डोळ्यांसमोर येतो. १९५२ पासूनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ची, म्हणजे ‘एनएमई’ची लाल अक्षरंही वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात राहिली. आतल्या लेखांची नावंही डाव्या कडेला एकाखाली एक रचायची, कारण उजवीकडचं कोणाला दिसणारच नाही.

आता आपला अंक कुठे दिसणार ते बघ. वर्गणीदारांकडे पोस्टानं, डिसेंबरात सवाई गंधर्वच्या मांडवातल्या एखाद्या स्टॉलवर, नाहीतर बैठकीच्या दाराशी चपलांच्या पलीकडे मांडलेल्या टेबलावर. टेबलावर तो अख्खा उघडा पडलेला असणार. आणि त्याहीआधी तो लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्याएवढा दिसणार. म्हणजे डाव्या पट्टीची ती सगळी कसरत आपल्याला नको. आपल्याला हवाय एक चेहरा, एक नाव आणि फार तर दोन ओळी, अंगठ्याएवढ्या आकारातही वाचता येतील अशा. तू पाठवलेल्या कच्च्या यादीत मुखपृष्ठासाठी नऊ मथळे आहेत. त्यातले सात अनुक्रमणिकेत जाऊ देत.

नावाच्या अक्षरांवर, म्हणजे मास्टहेडवर, मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकाचं नाव पहिल्यांदा रिक ग्रिफिन या पोस्टर काढणाऱ्या चित्रकारानं रेखाटलं. पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा, सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेला. पुढे जिम पार्किन्सननं ती अक्षरं पुन्हा घडवली. त्या मुखपृष्ठांवर कलाकाराचं डोकं खुशाल नावाच्या मधोमध येतं, तीन-चार अक्षरं झाकली जातात, तरी वाचक अडत नाही, कारण ते नाव त्याला पाठ आहे. ही मिजास जुन्या अंकाला परवडते. नव्या अंकानं पहिली दोन-तीन वर्षं नाव पूर्ण दाखवावं, असं माझं मत आहे.

शिवाय देवनागरीची स्वतःची तऱ्हा आहे. ‘जवारी’ हे नाव आपण जवळजवळ पक्कं केलंय ना, तर ते मोठ्या आकारात लिहून बघ. वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते. रोमन अक्षरांसारखं हे नाव पानाच्या वरच्या कडेला चिकटवलं, तर कापताना वेलांटी छाटली जाण्याची भीती. म्हणजे वर मोकळी जागा सोडणं आलंच. पण शिरोरेषेचा एक मोठा फायदाही आहे. मी ती रेघ नावापुरती न थांबवता मुखपृष्ठाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढून पाहिली. गायकाचं डोकं मध्ये आलं तरी रेघ त्याच्या मागून गेल्यासारखी वाटते आणि नाव तुटत नाही. मी नमुना पाठवतोय. अक्षरं मी हातानं काढलीत, कारण तयार फॉन्टमध्ये ती जाडी मिळेना. आतल्या मजकुरासाठी मात्र तयार फॉन्ट चालेल, फक्त त्यातले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत. हिंदी वळणाचा ‘ल’ पानभर दिसला की वाचताना मला सतत खटकतं, आणि आपल्या वाचकांपैकी निम्म्यांना खटकेल.

आता चेहरा. रॉकच्या मासिकांत गायक थेट वाचकाच्या डोळ्यांत बघतो. स्टुडिओत बोलावून, दिवे लावून, मुद्दाम काढलेला फोटो असतो तो. दुकानातल्या गर्दीत वाचकाला थांबवायचं असतं, त्यासाठी नजरेसारखं दुसरं काही नाही. आपल्याकडे गायकाचे फोटो बहुतेक मैफलीतले: डोळे मिटलेले, तोंड उघडं, हात वर. तू म्हणतोस तोच खरा फोटो, गाणं त्यातच दिसतं. आत छापायला मला तो हवाच आहे. पण मुखपृष्ठावर मला आपल्याकडे बघणारा माणूस हवाय. मैफलीतला कलाकार आपण लांबून पुष्कळ पाहिलेला असतो. त्यानं आपल्याशी बोलायला समोर बसावं, असं सहसा होत नाही. अंक ते घडवून आणू शकतो. त्यासाठी फोटोग्राफरला कलाकाराच्या घरी पाठवू, सकाळच्या उजेडात, रियाजाच्या खोलीत. भरजरी शाल नको, मागे ट्रॉफ्यांचं कपाट नको.

बँडच्या फोटोतही एक ठरलेली रीत आहे: गाणारा पुढे, बाकीचे मागे नाहीतर बाजूला. ही रीत मला अजिबात उचलायची नाही. आपल्याकडे तबला-पेटीवाल्यांच्या वाट्याला आधीच निमंत्रणपत्रिकेतली खालची ओळ येते. मुखपृष्ठावर जर तिघं असतील तर तिघं एका रांगेत, एकाच उंचीवर, तिघांची नावं एकाच आकारात. यावर मी वाद घालायला तयार आहे, पण माघार घेणार नाही.

आणखी एका मुखपृष्ठाबद्दल सांगायचंय. ८ डिसेंबर १९८० ला फोटोग्राफर अ‍ॅनी लिबोविट्झनं बीटल्समधला जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनो यांचा फोटो काढला आणि त्याच रात्री लेननचा खून झाला. २२ जानेवारी १९८१ च्या ‘रोलिंग स्टोन’वर तो फोटो आला. फोटो आणि मासिकाचं नाव, बस. मथळा नाही, श्रद्धांजली नाही, ‘आतील पानांत’ नाही. मथळ्यांनी गजबजलेल्या अंकांच्या रांगेत हा एकच अंक शांत होता. आपल्यावरही असे अंक काढायची वेळ येईल. तेव्हा ‘सूर हरपला’ छापण्याचा मोह आपण दोघांनी टाळायचा, एवढं आत्ताच ठरवून टाकू.

आतल्या पानांवर आलो की देवनागरीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ती मासिकं ओरडायचं असलं की कॅपिटल अक्षरं वापरतात. १९८१ पासूनच्या ‘केरँग’चं नावच गिटारच्या खणखणाटावरून आलेलं, मग मथळेही तसेच. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. लहान-मोठं, जाड-बारीक आणि रंग एवढ्यावरच सगळी उतरंड उभी करायची. त्यातून वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, म्हणजे ओळींत अंतर जास्त लागतं आणि पानात मजकूर कमी मावतो. त्यांचे तीन कॉलमही आपल्याला जमत नाहीत. ‘गायनशैलीबद्दलच्या’ असा शब्द अरुंद कॉलममध्ये आला की आधीच्या ओळीत भगदाडं पडतात. म्हणून मी दोन कॉलम धरलेत आणि उजवी कड मोकळी सोडलीय.

लेखाच्या सुरुवातीचं मोठं अक्षर मात्र मला ठेवायचंय. जिथून वाचायचं ती जागा ते लांबून दाखवतं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि मिरज यांच्यावरचा तुझा लेख ‘किराणा’ या शब्दानं सुरू होतो. तिथे ‘क’ एकटा मोठा करता येत नाही, पहिल्या वेलांटीसकट ‘कि’ घ्यावा लागतो. रोमनमध्ये असं अक्षर खालच्या रेषेवर बसवतात. आपण ते पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला टांगलं तर नीट दिसतं. मग वेलांटी ओळीच्या वर डोकावते, तिच्यासाठी मथळ्याखाली थोडी जागा सोडली की झालं.

आता तुझा फोटो. तो जमिनीवर आडवा ठेवलेला, अजून तारा न चढवलेला तंबोरा. संगीत-मासिकांतल्या मुख्य लेखाची सुरुवात बहुतेक जोडपानावर होते: एका पानभर फोटो, समोर मथळा, चार ओळींची प्रस्तावना आणि मग मजकूर. मी तो तंबोरा दोन्ही पानांवर आडवा पसरून टाकला. आपलं पान सव्वासात इंचांचं, म्हणजे जोडपान साडेचौदा इंच. भोपळा डावीकडे, खुंट्या उजव्या कडेला, आणि मधल्या घडीवर येते ती फक्त दांडी. एरवी घडीत चेहरा गेला की नाक गिळलं जातं. दांडी इकडून तिकडे सारखीच, तिथे घडीनं थोडं खाल्लं तरी काही बिघडत नाही. उंचीला तंबोरा जेमतेम चार इंच घेतो, त्याखाली मजकुराला ऐसपैस जागा उरते. मला इतकं नेमकं बसलेलं जोडपान बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. फक्त एक कर: तोच तंबोरा तारा चढल्यावर, बरोब्बर वरून, स्टुलावर उभं राहून पुन्हा टिप. पंढरपूरकडून भोपळे येतात ते वाळवायला टांगलेले असतील तर तेही घे, पुढच्या पानाला लागतील.

अनुक्रमणिका. त्या मासिकांत नेहमीची सदरं एकीकडे आणि या अंकातले लेख दुसरीकडे असतात, आणि सदरं प्रत्येक अंकात त्याच जागी सापडतात. वाचकाला सवय लागते आणि तो शोधत बसत नाही. हे आपल्याला हवं. मला सुचलं ते असं: सोळा नोंदी, चार-चारांचे चार विभाग, प्रत्येक विभागाच्या डोक्यावर भातखंडे लिपीतल्यासारखी ×, २, ०, ३ ही खूण. समेच्या, म्हणजे × च्या, जागी कायम मुख्य लेख. ‘खाली’च्या, म्हणजे ० च्या, जागी कायम मजकूर नसलेलं काहीतरी, एखादं फोटोचं पान. सोळा मात्रांचा तीनताल माहीत असलेल्याला ते लगेच कळेल आणि नसलेल्याचं काही अडणार नाही. तुला हे ओढूनताणून वाटलं तर स्पष्ट सांग.

परीक्षणांना तारे द्यायचे नाहीत. नव्या रेकॉर्डला पाचपैकी किती तारे, हे विकत घ्यावी की नाही ठरवायला उपयोगी. मैफल तर होऊन गेलेली असते. त्याऐवजी त्यांची ती छोटी माहितीची चौकट घेऊ: राग, ताल, बंदिश, साथीला कोण, कुठे झाली. दहा वर्षांनी कोणी अंक उघडला तर त्याला हेच हवं असेल.

सजावटीबद्दल एकच सांगतो. आपल्याकडच्या संगीताच्या पत्रिकांवर पाश्चात्त्य स्वरलिपीतली ती वळणदार खूण आणि उडणारे ठिपके सर्रास दिसतात. ती लिपी ना गाणाऱ्याच्या कामाची, ना ऐकणाऱ्याच्या. आपली स्वरलिपी इतकी रेखीव आहे: कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ, मंद्राचा खालचा टिंब, तारसप्तकाचा वरचा. पान सजवायचंच असेल तर तिनंच सजवू, आणि छापलेला प्रत्येक स्वर बरोबर असेल.

कोणाचा अंक समोर ठेवायचा असं विचारशील तर माझं उत्तर ‘मोजो’. १९९३ मध्ये पहिल्या अंकावर डिलन आणि लेननला घेऊन निघालेलं हे मासिक. जुनं संगीत ज्यांना मनापासून ऐकायचंय अशांसाठी, लांब लेख, जपून मिळवलेले जुने फोटो. ‘रे गन’ या अमेरिकी मासिकात डेव्हिड कार्सननं एक अख्खी मुलाखत चिन्हांच्या फॉन्टमध्ये छापली, वाचताच येऊ नये अशी. त्या धाडसाचं मला कौतुक आहे. पण आपल्या वाचकांत चष्मा पुसून वाचणारे पुष्कळ असणार. त्यांच्यासाठी अक्षर मोठं आणि कागद न चमकणारा, मॅपलिथो.

हे सगळं लिहिताना तुझ्याच गावचं एक काम तुझ्यावर टाकतोय. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ १९४७ मध्ये सुरू झालं, प्रा. बी. आर. देवधर त्याचे संपादक होते. मिरजेत त्याचे सुरुवातीचे अंक कुठे बघायला मिळाले तर परवानगी घेऊन अनुक्रमणिका आणि स्वरलिपीच्या पानांचे फोटो काढ. खिळे जुळवून ती लिपी त्यांनी कशी बसवली, टिंब आणि रेघा कुठे सरकल्या, हे मला पाहायचंय. इंग्रजी अंक मी चाळलेच, पण आपल्या भाषेत हे आधी कोणी कसं केलं ते न बघता पुढे जायचं नाही.

छापखान्याचा हिशेब असा: सोळा पानांचे तीन फॉर्म, मुखपृष्ठ वेगळं, मधे पिना. पानं सपाट उघडतील, तंबोराही नीट पसरेल. तिकडच्या छापखान्यात दोन रंगांचा आणि चार रंगांचा, दोन्ही भाव विचारून ठेव. नमुने या आठवड्यात कुरिअरनं निघतील. त्यावर पेननं हवं तेवढं खरड, पण मुखपृष्ठाचं मत आधी कळव, कारण फोटोग्राफरची तारीख घ्यायचीय.

काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, आणि लेकीला सांग, तिनं काढलेलं तंबोऱ्याचं चित्र पोचलं.

तुझा,
नंद्या