शाकाहारी सांगून वाढलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : खोटी माहिती देऊन मांसाहारी पदार्थ वाढल्याबद्दल तक्रार

महोदय,

गेल्या शनिवारी रात्री मी माझ्या मावशीला घेऊन तुमच्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये जेवायला आले होते. ती माझ्याकडे राहायला आली होती आणि हे जेवण तिने कधीच चाखले नव्हते. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेसुद्धा खात नाही. रिफ्राइड बीन्स (शिजवून, ठेचून परतलेले बीन्स) पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत परततात आणि मेक्सिकन भातात पुष्कळदा पाण्याऐवजी चिकनचा स्टॉक, म्हणजे चिकन उकळून काढलेले पाणी, घालतात, हे मला ठाऊक होते. म्हणून ऑर्डर देण्याआधीच मी वेटरला दोन्हींबद्दल स्पष्ट विचारले. "मॅडम, बीन्स म्हणजे कडधान्यच ना, सगळं व्हेज आहे," असे त्यांनी सांगितले. किचनमध्ये एकदा विचारून या म्हटले, तर "गरज नाही, मी रोज वाढतो" म्हणाले.

मावशीला बीन्स इतके आवडले की तिने ते पुन्हा मागवले. ते घेऊन दुसरे कर्मचारी आले. मावशीने कौतुकाने विचारले, इतके मऊ कसे होतात हो? प्लेट ठेवता ठेवता ते सहज बोलून गेले, "लार्डमध्ये परततो ना, म्हणून." तिला तो शब्द कळला नाही. लार्ड म्हणजे डुकराची चरबी, हे मला तिला सांगावे लागले. हातातला टॉर्टियाचा (मेक्सिकन पोळीचा) तुकडा तिने ताटात ठेवला आणि हात धुवायला उठली. घरी आल्यावरही ती मला एका शब्दाने बोलली नाही, उलट माझीच समजूत काढत राहिली. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

तुमच्या मॅनेजरनी माफी मागितली नाही. "लार्डशिवाय अस्सल मेक्सिकन चव येत नाही," असे सांगून त्यांनी बिलातून फक्त बीन्सचे पैसे वजा केले. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. मेक्सिकोत डुकरे आली ती 16व्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. मका, बीन्स आणि मिरची तिथे त्याच्या हजारो वर्षे आधीपासून खाल्ली जात होती. मक्याच्या साध्या टॉर्टियात चरबी लागत नाही, ग्वाकामोलेत (ॲव्होकाडोच्या चटणीत) आणि ताज्या टोमॅटोच्या साल्सातही नाही. 2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकन पाककलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, हे तुम्ही मेन्यूच्या पहिल्याच पानावर अभिमानाने छापले आहे. त्याच मेन्यूत बीन्ससमोर 'चरबीत परतलेले' एवढे दोन शब्द मात्र नाहीत.

तुम्ही लार्ड वापरू नये असे माझे म्हणणे नाही. तो तुमचा प्रश्न आहे. पण ग्राहक विचारतो तेव्हा अंदाजाने उत्तर देणे गंभीर आहे. उद्या शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या कुणी मोले सॉसबद्दल विचारले आणि असेच उत्तर मिळाले, तर गोष्ट जिवावर बेतेल. मोलेच्या कित्येक प्रकारांत शेंगदाणे आणि तीळ वाटून घातलेले असतात.

मला संपूर्ण बिलाची रक्कम परत हवी आहे आणि मावशीच्या नावे लेखी माफीपत्र हवे आहे. त्या रात्रीचा भात कशात शिजवला होता, तेही लेखी कळवा, कारण त्याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. लार्ड आणि स्टॉक असलेल्या प्रत्येक पदार्थासमोर तशी नोंद मेन्यूत कधीपर्यंत छापणार, याची तारीखही द्यावी. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार आहे.

कळावे,
आपली ग्राहक