सीपीआर नाकारणाऱ्या रुग्णांची साथीतील हेळसांड

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राची चर्चा आता खान्देशातही होऊ लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सुलभ केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे न जाता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर इच्छापत्र करता येते. सत्तरी ओलांडल्यावर मीही ते केले आहे. मात्र करोनासारखी साथ पुन्हा आली तर त्या कागदाचे रुग्णालयात काय होईल, याची मला धास्ती वाटते.

हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न (सीपीआर) करू नये, एवढेच रुग्णाच्या केसपेपरवरची ‘डीएनआर’ (डू नॉट रिससिटेट) ही नोंद सांगते. प्राणवायू, सलाईन, वेदनाशामक औषधे आणि शुश्रूषा चालूच राहिली पाहिजे; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांची भूमिकाही हीच आहे. परंतु खाटा अपुऱ्या पडतात आणि एकाच परिचारिकेवर दोन वॉर्डांचा भार येतो, तेव्हा केसपेपरवरची ती नोंद पाहून डॉक्टरांची फेरी नकळत पुढे सरकण्याचा धोका असतो. यात कोणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. कोणाकडे आधी धावायचे हे ठरवताना थकलेल्या माणसाला तो कागद आयती सबब पुरवतो. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनने मार्च २०२१ च्या अहवालात, रुग्णाशी किंवा त्याच्या घरच्यांशी न बोलताच अशा नोंदी झाल्याबद्दल चिंता व्यक्त केली होती.

आपल्याकडे तर सलाईन संपली की सिस्टरला हाक मारायला बहुधा घरचेच माणूस खाटेशेजारी असते. करोनात तेही दाराबाहेर राहिले. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात ८२ वर्षांच्या एक करोनाबाधित आजी बेपत्ता झाल्या आणि काही दिवसांनी तेथल्याच शौचालयात मृतावस्थेत सापडल्या. त्या घटनेचा डीएनआरशी काही संबंध नव्हता. पण धडधाकट यंत्रणेचीही नजर किती चुकू शकते, हे तिने दाखवले. मग ज्याच्या कागदावर आधीच ‘नको’ लिहिले आहे, त्याच्याकडे कोण पाहणार?

दुसऱ्या लाटेपूर्वीच प्राणवायू प्रकल्प उभारून ठेवणाऱ्या नंदुरबार जिल्ह्याचे तेव्हा देशभर कौतुक झाले. तशीच पूर्वतयारी या बाबतीतही हवी. डीएनआरच्या छापील नमुन्यात काय करू नये याच्या शेजारीच कोणते उपचार चालू ठेवायचे, हेही लिहिलेले असावे. वरिष्ठ डॉक्टरांनी त्या नोंदीचा रोज फेरविचार करावा, अतिदक्षता विभागातील खाट केवळ तिच्या आधारे नाकारू नये आणि भेटबंदी असेल तेव्हा एका नातेवाइकाला दररोज दूरध्वनीवरून प्रकृती कळवावी. जळगाव, धुळे व नंदुरबारच्या जिल्हा प्रशासनांनी साथ नसतानाच, म्हणजे आताच, तसे परिपत्रक काढावे, ही विनंती.

– एक ज्येष्ठ नागरिक, अमळनेर (जि. जळगाव)